किल्ली सोपवण्यापूर्वी

पाऊस ओसरला, वाटा सुकल्या की कोकणातील गावांत बंद घरे उघडू लागतात. मुंबईत, आखाती देशांत, दक्षिण आफ्रिकेत स्थिरावलेल्या कुटुंबांतील कोणीतरी चार दिवसांची सवड काढून येतो, गंजलेल्या कुलपात तेल घालतो आणि दार ढकलताच वाळवीच्या मातीचा व कोंदट लाकडाचा वास त्याच्या नाकात शिरतो. आईवडील राहिलेले नसतात, मुले शहरात वाढलेली असतात, दरवर्षीची डागडुजी कोणाला झेपत नाही. शेवटी घर विकण्याचा निर्णय होतो.

असा निर्णय काही वर्षांपूर्वी आमच्याही घरात झाला. त्या व्यवहारात आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तिच्या निमित्ताने कुरआन, हदीस आणि फिक्ह या विषयावर काय सांगतात, हे शोधण्याची वेळ आमच्यावर आली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण जुने घर दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा प्रसंग आज ना उद्या अनेक कुटुंबांवर येणार आहे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात होते. भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी. माजघराची पश्चिमेकडील भिंत दर पावसाळ्यात ओल धरीत असे आणि छपराच्या दोन वाशांना वाळवी लागलेली होती. खरेदीदार घर पाहण्यास येणार म्हणून मी व धाकटा भाऊ आठ दिवस आधी जाऊन साफसफाईला लागलो. भाऊ म्हणाला, "भाई, त्या भिंतीला रंगाचे दोन हात मारून घेऊ. घर स्वच्छ दिसले पाहिजे." मला त्यात काही वावगे वाटले नाही. रंगारी आला, त्याने भिंतीवर तळहात ठेवून पाहिला आणि सहज बोलून गेला, "रंग बसेल. जूनमध्ये ओल वर येईल, पण तोवर तुमचे काम झालेले असेल."

आमचा हेतू आमच्याआधी रंगाऱ्याला कळला होता. आम्ही त्याला दोन दिवस थांबण्यास सांगितले आणि त्या रात्री ओटीवर बसून प्रथमच विचार केला की, घर स्वच्छ करणे म्हणजे नेमके काय?

रिकामे घर हा खरेदीदाराचा हक्क आहे

घर झाडूनपुसून देणे हा केवळ चांगुलपणा आहे, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. झाडणेपुसणे चांगुलपणात मोडते. परंतु घर रिकामे करून देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि त्याशिवाय ताबा पूर्ण होत नाही.

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई पंथाचे अनुयायी आहेत. या पंथाच्या आधारभूत ग्रंथांपैकी एक म्हणजे इमाम नववी (रह.) यांचा 'मिन्हाजुत्तालिबीन'. इमाम नववी हिजरी सन ६७६ म्हणजे इसवी सन १२७७ मध्ये निवर्तले. स्थावर मालमत्तेचा ताबा कशाने पूर्ण होतो, हे सांगताना ते लिहितात की, ती खरेदीदारासाठी मोकळी करावी, तिचा वापर करण्यास त्याला वाव द्यावा, आणि ती विक्रेत्याच्या सामानापासून रिकामी असावी. शेवटची गोष्ट त्यांनी अट म्हणूनच नोंदवली आहे. हनफी पंथातही ताब्याचा पाया 'तखलिया' म्हणजे अडथळे दूर करून वस्तू मोकळी करून देणे हाच आहे. फळे लागलेले झाड विकले गेले आणि फळांबद्दल काही ठरलेले नसले तर फळे विक्रेत्याची राहतात. पण त्याने ती उतरवून घ्यावीत आणि विकलेली वस्तू सोपवावी, असे 'मुख्तसर अल-कुदूरी' या प्रसिद्ध हनफी ग्रंथात सांगितले आहे. आपला माल दुसऱ्याच्या मालकीत अडकवून ठेवण्याची मुभा विक्रेत्याला नाही.

आता आपण काय करतो ते पाहू. माळ्यावर मोडका पाळणा, फुटकी मडकी, वीस वर्षांच्या वह्या. गोठ्यात कुजलेला पेंढा. न्हाणीच्या मागे फुटक्या कौलांचा ढीग. या सर्वांकडे पाहून आपण म्हणतो, "राहू दे, त्यांना उपयोगी पडेल." वस्तुतः ती उचलण्याचे श्रम व मजुरी आपल्याला टाळायची असते. खरेदीदार पूर्ण किंमत मोजतो आणि वर आपला कचरा काढण्याचा खर्चही त्यानेच सोसावा, अशी आपली अपेक्षा असते. माप कमी देणाऱ्यांचा कठोर निषेध दिव्य कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये आला आहे. घेताना पूर्ण घेणे आणि देताना घट करणे हा त्यांचा दोष तेथे सांगितला आहे. पैसे पूर्ण मोजून घेऊन घर अर्धवट रिकामे देणे ही त्याच प्रवृत्तीची एक छटा आहे. खरोखर एखादी वस्तू उपयोगी पडेल असे वाटत असेल तर खरेदीदाराला आधी विचारावे. तो हो म्हणाला तर ती भेट ठरते. नाही म्हणाला तर ती आपण न्यावी.

घरासोबत काय जाते, काय राहते

रिकामे करण्याच्या नावाखाली दुसऱ्या टोकालाही जाता कामा नये. काही विक्रेते जाताना दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, विजेची बटणेसुद्धा काढून नेतात. किंमत ठरली तेव्हा खरेदीदाराने जे जागेवर बसवलेले पाहिले, ते त्याने घेतलेले असते.

'मिन्हाज'मध्ये याचीही यादी सापडते. घराच्या विक्रीत जमीन व बांधकाम येते. बसवलेली दारे, त्यांच्या कड्या, खिळ्यांनी पक्की केलेली फळी व शिडी, आणि पक्क्या कुलपाची किल्लीही येते. बादली, विहिरीचा रहाट, पलंग अशा हलवता येणाऱ्या वस्तू येत नाहीत. कोकणातील घर आणि सीरियातील घर यांत सातशे वर्षांचे अंतर असूनही ही यादी किती ओळखीची वाटते! तत्त्व एकच : जे घराला जडलेले ते घराचे, जे उचलता येते ते विक्रेत्याचे. पंखे, गीझर, पाण्याची टाकी, पंप, इन्व्हर्टर, खिडक्यांचे पडदे यांबाबत आजच्या काळात रिवाज वेगवेगळे आहेत. म्हणून अशा वस्तूंची यादी करून ती व्यवहाराच्या कागदालाच जोडावी. पन्नास लाखांचा व्यवहार गोडीने होतो आणि दोन पंख्यांवरून नाती तुटतात, असे अनुभव कमी नाहीत.

सफाई कोठे संपते?

आता आमच्या भिंतीकडे येऊ. रंग देणे हराम नाही. विकण्यापूर्वी घर नीटनेटके करणे, जाळी काढणे, लाद्या घासणे यात काही गैर नाही. मग रंगाऱ्याच्या बोलण्याने मन अस्वस्थ का झाले?

'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेला प्रसंग आपण अनेकदा ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ आले, त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेत्याने सांगितले की, ते पावसाने भिजले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, मग लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवतो तो आपल्यापैकी नाही, असे बजावले.

या हदीसमधील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. धान्य भिजले यात त्याचा अपराध नव्हता. ओले धान्य विकण्यासही त्याला मनाई केली गेली नाही. ओल खाली आणि कोरडे वर, एवढ्या रचनेबद्दल त्याची कानउघाडणी झाली. आमच्या भिंतीतील ओलही आम्ही निर्माण केली नव्हती. पण तिच्यावर कोरडा रंग चढवणे ही मात्र आमची रचना ठरली असती.

याच अर्थाची आणखी एक मनाई 'सहीह बुखारी' व 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. विकण्यापूर्वी जनावराचे दूध काही वेळा न काढता कास फुगवून ठेवण्याची प्रथा होती. पाहणाऱ्याला जनावर भरपूर दुभते वाटे. प्रेषितांनी (स.) हे निषिद्ध ठरवले आणि फसलेल्या खरेदीदाराला जनावर परत करण्याचा अधिकार दिला. येथे विक्रेता तोंडाने एक शब्दही खोटे बोलत नाही. खोटे बोलते ती कास. फिक्हमध्ये अशा कृतीला 'तदलीस' म्हणतात. रंगवलेली ओली भिंत, वाळवी लागलेल्या वाशावर ठोकलेली नवी फळी, गळक्या छताखाली खास पाहणीच्या दिवसापुरते लावलेले नवे पीओपी, तडा गेलेल्या लादीवर नेमकी सरकवलेली कपाटाची बाजू, या सर्व तदलीसच्याच जाती आहेत.

सफाई आणि लपवणूक यांतील सीमा ओळखण्यासाठी एक साधी कसोटी आम्हाला उपयोगी पडली : हे काम आपण का करीत आहोत, हे खरेदीदाराच्या तोंडावर सांगता येईल का? "तुम्ही येणार म्हणून अंगण झाडले," हे सांगता येते. "ओल दिसू नये म्हणून रंग दिला," हे सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते करू नये.

सांगण्याची जबाबदारी

दोष न लपवणे ही पहिली पायरी. तो स्वतःहून सांगणे ही दुसरी. हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून 'इब्ने माजा'मध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, आपल्या बंधूला दोष असलेली वस्तू तो दोष स्पष्ट केल्याशिवाय विकणे मुस्लिमासाठी वैध नाही. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून 'बुखारी' व 'मुस्लिम'मध्ये आलेल्या हदीसनुसार, विक्रेता व खरेदीदार खरे बोलले आणि त्यांनी सर्व स्पष्ट केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत दिली जाते, लपवले व खोटे बोलले तर बरकत पुसली जाते.

आपल्याकडे काही घरांत अशी समजूत आहे की, कोणी निघून गेल्यावर लगेच झाडू मारू नये, बरकत जाते. बरकत झाडूने जात नाही. ती कशाने जाते, हे या हदीसने नेमके सांगितले आहे.

ही जबाबदारी केवळ विक्रेत्याची नाही. हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांनी उंटीण विकत घेऊन निघालेल्या एका माणसाला गाठून विचारले की, ती मांसासाठी घेतली की प्रवासासाठी? प्रवासासाठी, असे कळताच तिच्या खुरात छिद्र असल्याचे त्यांनी सांगून टाकले. व्यवहार बिघडवल्याची तक्रार झाली तेव्हा त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण ऐकवली : दोष स्पष्ट केल्याशिवाय विकणे वैध नाही, आणि ज्याला दोष ठाऊक आहे त्याने तो न सांगणेही वैध नाही. घरांच्या व्यवहारातील मध्यस्थ, शेजारी, नातेवाईक या सर्वांसाठी यात धडा आहे.

काहीजण म्हणतात, खरेदीखतात 'जसे आहे तसे' असे लिहिले की पुरे. अशा अटीच्या वैधतेबाबत फिक्हच्या पंथांत मतभेद आहेत. परंतु ठाऊक असलेला दोष तिच्या आडोशाने जाणूनबुजून दडवून खरेदीदाराला फसवणे कोणीही हलाल ठरवलेले नाही. देशाचा कायदाही या बाबतीत मौन नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष, मग तो मालमत्तेत असो वा मालकी हक्कात, उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. व्यवहार ठरल्यापासून ताबा देईपर्यंत मालमत्तेची शहाण्या मालकाप्रमाणे काळजी घेणे आणि विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर भरणे, हेही त्याच कलमात येते.

या टप्प्यावर भावाने एक प्रश्न विचारला. आमचे खरेदीदार मुस्लिम नव्हते; जवळच्या तालुक्यातील एक शिक्षक दांपत्य होते. भाऊ म्हणाला, "भाई, हदीसमध्ये तर मुस्लिम बंधूचा उल्लेख आहे." प्रश्न त्याने वाद घालण्यासाठी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही नीट शोधावे लागले.

उत्तर प्रेषितांच्या (स.) स्वतःच्या घर सोडण्यात मिळाले. मक्केतील लोक त्यांचे वैरी झाले होते, त्यांच्या जिवावर उठले होते. तरी आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडेच ठेवीत असत. हिजरतच्या वेळी या ठेवी ज्यांच्या त्यांना परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले. तीन दिवस थांबून हजरत अलींनी त्या पोचत्या केल्या आणि मगच ते मदीनेकडे निघाले. ज्यांच्यामुळे घर सोडावे लागले, त्यांच्याही ठेवींचा हिशेब चुकता करून ते घर सोडले गेले. मग ज्या शेजाऱ्याने आपले काही वाईट केलेले नाही, उलट विश्वासाने आयुष्याची पुंजी आपल्या हाती दिली, त्याची फसवणूक वैध कशी ठरेल? फसवणूक ही फसवणाऱ्याला कलंकित करते. फसवला गेलेला कोण होता याने तिचा रंग बदलत नाही.

झाडताना हाती लागते ते

जुने घर रिकामे करताना केवळ धूळ निघत नाही. इतरांचे हक्कही बाहेर येतात. कपाटाच्या तळाशी एखादा डबा सापडतो, ज्यावर दुसऱ्याच कोणाचे नाव असते. वडिलांच्या वहीत एखादी उधारीची नोंद असते. आम्हाला माळ्यावर तांब्याचे एक मोठे पातेले सापडले. त्यावर कोरलेली अक्षरे आमच्या घरातील कोणाची नव्हती. शेजारच्या वृद्ध चाचींनी ते पाहताच ओळखले. त्यांच्या सासूने एका लग्नासाठी दिलेले ते पातेले होते. चाळीस वर्षे ते आमच्या माळ्यावर पडून होते. ते भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जाण्यास एक दिवस उरला होता. अमानती त्यांच्या धन्यांना पोचत्या कराव्यात, ही आज्ञा सूरह निसामध्ये आहे. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावावे, एवढे आम्ही त्यातून शिकलो.

मृत व्यक्तीचे कर्ज हा याहून गंभीर विषय. वारसा वाटण्यापूर्वी कर्ज व वसीयत यांची पूर्तता व्हावी, असे त्याच सूरहमध्ये स्पष्ट केले आहे. वडिलांच्या वहीतील नोंद खरी असल्याची खात्री पटली तर घराच्या पैशातून आधी ती रक्कम बाजूला काढावी.

आणि बहिणींचा हिस्सा? हा या लेखातील सर्वांत अवघड परिच्छेद आहे. आपल्या समाजात कित्येक घरे भावांनी विकली आणि बहिणींच्या फक्त सह्या घेतल्या. "ती काही मागत नाही," असे म्हटले जाते. मागत नाही, कारण मागितले तर माहेर तुटेल अशी भीती तिला असते. अशा भीतीपोटी दिलेला होकार हा मनापासून केलेला त्याग नव्हे. स्त्रीचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे, थोडा असो वा फार. तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. रक्कम आधी तिच्या हाती द्यावी. त्यानंतर ती स्वखुशीने काही परत करील तर तो तिचा निर्णय. ज्या घरात बहिणीचा हक्क दडपलेला आहे, ते घर कितीही घासले तरी स्वच्छ झाले असे म्हणता येणार नाही.

कुरआनच्या जुन्या प्रती, फाटकी पाने, दुआंची पुस्तके हमखास सापडतात. ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. वापरण्याजोगी प्रत मशिदीत वा मकतबमध्ये द्यावी. जीर्ण पाने स्वच्छ कापडात गुंडाळून, जेथे पाय पडणार नाहीत अशा जागी पुरावीत, किंवा मशिदीत त्यासाठी ठेवलेल्या पेटीत द्यावीत.

विक्री झाल्यावरही काही सापडू शकते. 'बुखारी' व 'मुस्लिम'मध्ये पूर्वीच्या काळातील दोन माणसांची कथा आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि तिच्यात त्याला सोन्याने भरलेले भांडे सापडले. तो विक्रेत्याकडे जाऊन म्हणाला की, मी जमीन घेतली, सोने घेतले नाही, हे तुमचे. विक्रेता म्हणाला की, मी जमीन तिच्यातील सर्वांसह विकली; ते तुमचे. निवाड्यासाठी गेले तेव्हा पंचाने एकाचा मुलगा व दुसऱ्याची मुलगी यांचा विवाह करून ते सोने त्यांच्यावर व दानधर्मात खर्च करण्यास सांगितले. जमिनीवरून भाऊबंदकी लढवणाऱ्या आपल्या गावांत ही हदीस दरवर्षी एकदा तरी जुमाच्या प्रवचनात सांगितली जावी.

शेजाऱ्याचा विचार

'सहीह बुखारी'मध्ये घराच्या विक्रीचाच एक प्रसंग आहे. हजरत अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. त्यांनी त्या हजरत सअद यांनाच घेण्यास सांगितले. हजरत सअद चार हजारांहून अधिक देण्यास तयार नव्हते आणि तेही हप्त्यांनी. अबू राफे यांना दुसरीकडून पाचशे दीनार रोख मिळत होते. तरी त्यांनी त्या खोल्या हजरत सअद यांनाच दिल्या, कारण निकटतेमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. शेजाऱ्याचा हा अग्रहक्क कायदेशीर कोठवर लागू होतो, याविषयी शाफई व हनफी मतांत फरक आहे. पण शिष्टाचार म्हणून शेजाऱ्याला आधी विचारणे सर्वांनाच शोभते.

शेजाऱ्याचे इतर हक्कही खरेदीदाराच्या कानावर घालावेत. परसातून मशिदीकडे जाणारी पायवाट, विहिरीवरून पिढ्यानुपिढ्या पाणी भरणारे घर, आवारातील जुनी कबर. हे आज सांगितले नाही तर उद्या नवा मालक कुंपण घालील, आणि आपण मुंबईत निवांत असताना गावात दोन घरे कोर्टाची पायरी चढतील.

इहसान

कर्तव्य पूर्ण झाल्यावर इहसान सुरू होतो. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान म्हणजे उत्तमपणा आवश्यक केला आहे, असे हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे, जनावर जबह करतानाही सुरी धारदार असावी, इतके सूक्ष्म उदाहरण तेथे दिले आहे. ईमानच्या अनेक शाखांपैकी सर्वांत खालची शाखा म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे. रस्त्यावरील अनोळखी माणसासाठी काटा उचलणे ईमान असेल, तर ज्या घरात एखाद्याची मुले रांगणार आहेत त्या घरातील फुटकी काच, गंजलेले खिळे, कीटकनाशकाच्या जुन्या बाटल्या, मुदत संपलेली औषधे उचलणे त्याहून किती मोलाचे!

इहसानमध्ये माहिती देणेही येते. मुख्य बटण कोठे आहे, शौचालयाची टाकी अंगणात नेमकी कोठे पुरलेली आहे, कोणत्या कोपऱ्यातील कौल वाऱ्याने सरकते, विहीर मे महिन्यात कितपत तग धरते, पाण्याचा नळ किती वाजता येतो. हे ज्ञान त्या घराचेच आहे. आपल्यासोबत ते शहरात नेऊन आपल्याला काही उपयोग नाही.

आमच्या घराचे काय झाले

रंगाऱ्याला आम्ही परत पाठवले. येण्याजाण्याचा त्याचा खर्च दिला. शिक्षक दांपत्य आले तेव्हा त्यांना आधी ती भिंत दाखवली, मग शिडी लावून वाळवीचे वासे दाखवले. दोघे काही वेळ अंगणात जाऊन बोलत राहिले. त्यांनी किंमत कमी करण्यास सांगितले आणि आम्ही ती केली. भावाच्या चेहऱ्यावरील नाराजी मला दिसत होती. माझ्याही मनात ती नव्हती असे म्हणणार नाही. खोटे न बोलता केलेल्या व्यवहारात नेहमी चार पैसे अधिक मिळतात, असा दावा हा लेख करीत नाही. आम्हाला कमी मिळाले. बरकतीचे आश्वासन आहे, अधिक रकमेचे नाही.

मिळालेल्या पैशातून दोघी बहिणींचे हिस्से प्रथम त्यांच्या खात्यात जमा केले. थोरल्या बहिणीने दूरध्वनीवर काही न बोलता बराच वेळ श्वास घेतलेला ऐकू आला, आणि मग एवढेच म्हणाली की, अब्बांना बरे वाटले असेल.

ताबा देण्याच्या दिवशी फज्रनंतर भावाने स्वतः माजघर झाडले. मी ओटी पुसली. किल्ल्यांचा जुडगा शिक्षकांच्या हाती देताना परसातील खोलीची किल्ली कोणती व न्हाणीची कोणती, हे भावाने त्यांना एकेक दाखवून दिले. पुढच्या जुलैमध्ये मुसळधार पाऊस पडत असताना मुंबईत मला त्या भिंतीची आठवण झाली. ओल नक्कीच आली असणार. पण ती ज्यांच्या घरात आली, त्यांना ती येणार हे ठाऊक होते; म्हणून मला शांत झोप लागली.

किल्ली देण्यापूर्वी : घरातील सर्वांनी मिळून पाहावे

१. माळा, गोठा, परस, विहिरीचा परिसर यांसह सर्व जागा आपल्या सामानापासून रिकामी झाली का?

२. सोबत देण्याच्या वस्तूंची लेखी यादी झाली का? ठरल्यानंतर काही काढून तर घेतले नाही?

३. ठाऊक असलेला प्रत्येक दोष खरेदीदाराला किंमत ठरण्यापूर्वी सांगितला का?

४. घरपट्टी, वीजबिल, पाणीपट्टी, सोसायटीची थकबाकी भरून पावत्या जोडल्या का?

५. सापडलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू परत गेल्या का? मृतांची कर्जे फिटली का?

६. बहिणी, आई व इतर सर्व वारसांचे हिस्से ठरले व दिले का?

७. कुरआनच्या जीर्ण पानांची सन्मानाने व्यवस्था झाली का?

८. शेजाऱ्यांचा निरोप घेतला का? कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा मागितली का?

एक घर आपण किल्ली देऊन सोडतो. या जगाचे घर किल्ली न देताच सोडावे लागणार आहे. त्या दिवशी माळा झाडण्यास सवड मिळणार नाही. हे अल्लाह, आमच्या घरांना इतरांच्या हक्कांपासून मोकळे ठेव, आमच्या व्यवहारांत सत्य व बरकत दे, आणि तुझ्याकडे येताना आमच्या माथ्यावर कोणाचीही अमानत शिल्लक राहू देऊ नकोस. आमीन.